पंचफुलाबाईचं झाड

पंचफुलाबाई रोज सकाळी आपल्या दुकानाला आंघोळ घालायची. बाहेरच्या माणसाला हे ऐकून हसू येईल, माजरीत राहिलेल्याला येणार नाही. कोळशाच्या खाणीची धूळ आमच्याकडे दारं लावली तरी आत यायची. सकाळी वाळत घातलेलं पांढरं धोतर संध्याकाळी राखाडी होऊन घरात यायचं. म्हणून कॉलनीतले दुकानदार नाजूक माल डब्यात ठेवत, डबे कपाटात ठेवत, आणि गिऱ्हाईक आलं की एकेक डबा उघडून दाखवत. पंचफुलाबाईचा माल सगळा उघड्यावर. उजाडलं की ती एक ओलं आणि एक कोरडं फडकं घेऊन बसायची आणि एकेक बांगडी, एकेक क्लिप, एकेक झुमका पुसायची. पुसता पुसता त्यांच्याशी बोलायची. "चाल वं, तुही बारी आली," असं तिला एका पिवळ्या हेअरबँडला म्हणताना मी ऐकलं आहे.

आमच्या क्वार्टरच्या मागे ठेकेदाराच्या मजुरांच्या झोपड्या होत्या. मधे तुराट्यांचं कुंपण. तिची झोपडी कुंपणाला लागून, त्यामुळे मी परसात तांदूळ निवडायला बसले की आमची गाठ पडायची. मी नवीन लग्न होऊन आलेली, आमचं गाव तलावाकाठचं, घरी मासेमारी. मला चार माणसांत बोलायला जमत नसे, आजही फारसं जमत नाही. तिला ते सोयीचं पडायचं. ती बोलायची, मी ऐकायची. "तू बोलत नाईस, पन पाहतेस मात्र सारं," असं ती मला म्हणायची, आणि मग अजून जास्त बोलायची.

ती उंच होती, हाडापेरानं मोठी. हाताला बांगडी नव्हती. मनगटावर केसांचे रबर असायचे, लाल, हिरवे, काळे, मिळतील तसे चढवलेले. पुड्यातून काढले की हरवतात म्हणून ती ते हातातच ठेवायची. नळावरच्या बायका चिडवत, "ह्या का तुह्या बांगड्या, पंचफुलाबाई?" ती म्हणायची, "हौ. ह्या फुटत नाई."

माणसाचं तोंड पाहण्याआधी ती हात पाहायची. कुंपणापलीकडून माझा हात पाहून तिनं मला माझं माप सांगितलं होतं, आणि ते बरोबर निघालं. दवाखान्यातल्या कंपाउंडरचा हात तिला फार आवडायचा. बाईचा जन्म असता तर काय चुडा दिसला असता, म्हणून ती हळहळायची. एकदा तो समोरून येत असताना ती असं बघत राहिली की बिचारा हात खिशात घालून निघून गेला.

तिचा नवरा ठेकेदाराकडे सुतारकामाला होता. पगार झाला की तो चंद्रपूरहून तिच्यासाठी काही ना काही आणायचा. फुलपाखराची क्लिप, मोत्यांचा आकडा, कॉलनीच्या क्लबात पडद्यावर सिनेमा दाखवत त्यातल्या बाईनं घातले तसे लांब झुमके. एका पावसाळ्यात तो तापानं गेला. त्यांची माणसं बौद्ध. वस्तीतल्या जाणत्यांनी सांगितलं होतं की आपल्यात आता बांगड्या फोडायच्या नाहीत. पण तिची मोठी जाऊ गावाहून आली आणि तिनं फोडल्याच. पंचफुलाबाई ते राग न करता सांगायची. "तिले दुसरं रडता येत नोतं," म्हणायची.

नवऱ्याच्या मागे राहिली ती त्याची हत्यारं, त्याची सायकल आणि क्लिपांची एक पत्र्याची पेटी. जाऊ म्हणाली, पेटी कुणाला तरी देऊन टाक. हिनं दिली नाही. दाराला एक पोतं टांगलं आणि सगळ्या क्लिपा, झुमके त्यावर लावून ठेवले. "मले घालता येत नाई म्हनून का पेटीत सडू देऊ?" असं तिनं मला विचारलं. नळावर जाणाऱ्या पोरी थांबून पाहू लागल्या. एकीनं फुलपाखराची क्लिप विकत मागितली. पंचफुलाबाईनं ती दिली आणि आठवड्याभरानं तशाच क्लिपा आणायला चंद्रपूरच्या गाडीत बसली. तिच्या धंद्याची सुरुवात एवढीच.

क्लिपा, रिबिनी, टिकल्या यांवर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. म्हणणं निघालं ते बांगड्यांवर. आमच्याकडे बांगडी नुसती विकत घेत नाहीत, भरून घेतात. कासारीण हात हातात घेते, दाबून मऊ करते, बोटं एकत्र मिटवून एकेक काच वर सरकवते. भरून झाल्यावर सवाष्ण तिला नमस्कार करते. ते हात विधवेचे कसे चालतील? तिनं बांगड्या आणल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी माझ्या सासूबाईंनी मला सांगून ठेवलं, तिच्याशी बोल, तिच्याकडचं वरण खा, पण बांगडी तिच्या हातची नको. आणि वस्तीच्या जातीचं वेगळेपण ज्यांच्या मनात होतं त्यांना तर हे एक आयतंच कारण झालं.

पण घर चालायचं तर बांगड्यांवरच चालणार होतं. क्लिप वर्षातून एकदा घेतात, काचेच्या बांगड्या सणासुदीला, लग्नाला, डोहाळजेवणाला. तिचा भाऊ शालिक जिवतीकडच्या डोंगरात कोरडवाहू शेती करायचा. बहिणीनं एकटीनं इथे राहणं त्याला पटत नव्हतं. येऊन जायचा आणि म्हणायचा, चल. तिथे गेली असती तर भावजयीच्या घरात एका कोपऱ्यात राहून शेण-पाणी करत आयुष्य गेलं असतं, हे ती जाणून होती. भावजय वाईट होती असं नाही. पण तिथे तिला कुणी पंचफुलाबाई म्हटलं नसतं, शालिकची बहीण म्हटलं असतं.

मी एकदा धीर करून म्हटलं होतं, सासूबाई गावाला गेल्या की मी भरून घेईन तुमच्याकडून. ती हसली. म्हणाली, "तू घेशीन, मले माईत हाय. पन तू शेजारीन हायस. तुले माही दया येते. दयेच्या हातात काच चढवून काय करू?"

मग तिनं ते झाड बनवलं. तिचा विचार साधा होता. माझ्या हाताची अडचण आहे ना, तर माझा हातच मधे नको. बायकांनी स्वतः पाहावं, स्वतः काढावं, स्वतः घालावं.

बुरडाकडून तिनं एक जाड बांबू आणला. नवऱ्याची सळई चुलीत तापवून त्याला भोकं पाडली, भोकांत बोटाएवढ्या खुंट्या ठोकल्या आणि खुंट्यांवर बांगड्या घातल्या. दोन-तीन आठवडे सुंदर दिसलं. पण बांबू ओला होता. उन्हात वाळला, भोकं सैल पडली, आणि एका दुपारी वरची खुंटी निसटून खालच्या खुंटीवर, ती तिच्या खालच्या, असं सगळं झाड खळखळत खाली आलं. परसभर काच. सासूबाई आतून ओरडल्या की विधवेच्या दारात हे असंच व्हायचं. पंचफुलाबाई उंबऱ्यावर बसली. मग उठली आणि काचा गोळा करू लागली, तेही रंगारंगानं, हिरव्या एकीकडे, लाल एकीकडे. मी कुंपणावरून सूप दिलं. "माह्या नवऱ्यानं सांगतलं असतं, वाळू दे म्हनून," ती म्हणाली. "मलेच घाई झालती."

दुसऱ्या वेळी तिनं बांबू गवताच्या गंजीखाली वाळवला. भोकं तिरपी पाडली, खुंट्यांची तोंडं वर, म्हणजे बांगडी घसरणार नाही. बुडाला तेलाचा डबा, त्यात माती आणि दगड ठोकून भरलेले. मोडक्या छत्रीच्या काड्या कापून मधे मधे लावल्या, त्यांवर क्लिपा आणि रिबिनी. प्रत्येक खुंटीशी बांबूच्या कांबीचं एक कडं दोरीनं बांधलं. ज्या कड्यातून तुमचा हात जाईल त्या खुंटीवरची बांगडी तुमची. बायकांना माप ठाऊक नसतं, कासारणीला ठाऊक असतं. आता कासारणीचं काम ते कडं करायचं. आणि सगळ्यांत वर, बांबूच्या पोकळीत आस बसवून, नवऱ्याच्या सायकलचं पुढचं चाक आडवं. तारांना झुमके लटकवलेले. बोटानं जरा ढकललं की चाक फिरायचं आणि झुमके तुमच्यासमोरून एकामागून एक जायचे. चाक बसवताना मी बांबू धरून उभी होते. तिनं ते फिरवलं आणि थांबेपर्यंत पाहिलं. मग पदरानं आसाचं तेल पुसून म्हणाली, "आता मी नसलो तरी चालते."

बाजाराच्या दिवशी ती डबा-बांबू डोक्यावर आणि चाक खांद्यात अडकवून निघायची. रस्त्यात लोक विचारायचे, "बाकीची सायकल कुठी गेली, बाई?" ती मान न वळवता सांगायची, "मांगून येऊन राह्यली."

बाजारात कडुनिंबाखाली झाड उभं करायची आणि स्वतः थोडी दूर, पोत्यावर, हात पदराखाली घेऊन बसायची. समोर पैसे ठेवायला एक थाळी. गिऱ्हाईक आलं तरी उठायची नाही. "पाह्य," एवढंच म्हणायची. "पाहून घे आधी." पोरी तासन्‌तास चाक फिरवायच्या. तिनं कधी कुणाला हाकललं नाही. पाहणारी आज नाही तर पुढच्या बाजारी घेईल, असा तिचा हिशेब असावा. पण मला वाटतं तिला नुसतं पाहिलेलंही आवडायचं.

नवरात्रात एक गंमत झाली. डब्याला गंज चढला होता, तो झाकायला तिनं जुन्या लाल लुगड्याचा तुकडा गुंडाळला. बाजारात खेड्यांतल्या बायका आल्या. कडुनिंबाचं झाड, त्याखाली लाल वस्त्र, वर हिरव्या बांगड्यांचे थर. आमच्याकडे मातेला बांगड्या वाहतात, त्या अशाच झाडाशी ठेवलेल्या असतात. एका म्हातारीनं डब्याला हळदकुंकू लावलं, हात जोडले. तिच्या मागच्यांनी पाहिलं आणि त्यांनीही. मी भाजी घेऊन तिथे पोचले तेव्हा डब्यापुढे तांदूळ, लिंबू, फोडलेला नारळ होता आणि बायका झाडावरची हिरवी बांगडी काढून थाळीत पैसे टाकून तीच बांगडी परत डब्याशी वाहत होत्या. माल जागचा हलत नव्हता आणि थाळी भरत होती. पंचफुलाबाई पोत्यावर बसून हे पाहत होती. मला पाहून तोंडावर पदर घेतला. ती हसत होती.

त्या दिवशी शालिक आलेला होता. त्याला हसू आलं नाही. तो बहिणीशेजारी उकिडवा बसला आणि हळू आवाजात बोलू लागला. मी शेजारच्या भाजीवाल्याकडे लिंबं निवडत होते तिथपर्यंत ऐकू येत होतं.

"चालू दे," तो म्हणाला. "आपन थोडीच पूजा करून राह्यलो? ते करून राह्यले. असं दर बाजारी झालं तर राह्य मंग इथीच. मी न्यायचं नाव काढत नाई."

"अन् नाई झालं तर?"

"तर संक्रांतीले येतो. सामान बांधून ठेव."

पंचफुलाबाई उठली, डब्याजवळ गेली, आणि लाल कापड सोडून काढलं. ओल्या फडक्यानं कुंकू पुसलं. नारळ एका बाईच्या हातात दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हे दुकान हाय बाप्पा. माता नोहे. घालायच्या असन तर घ्या." बायका ओशाळल्या, दोघी रागावल्या, म्हातारीनं तर शाप दिल्यासारखं बघितलं. गर्दी पांगली. शालिक म्हणाला, तू वेडी आहेस.

"हौ," ती म्हणाली. "देवीच्या नावानं घेतीन त्या. माह्यापासून नाई घेनार. मंग मी इथी काय म्हनून बसू, पुजारीन म्हनून?"

शालिक चहा न पिताच गाडीला गेला.

थंडी पडली. झाडावरच्या बांगड्या थोड्या थोड्या जात होत्या, पण एक गोष्ट तिच्या ध्यानात आली होती. काचेची बांगडी आपली आपल्याला नीट चढत नाही. कड्यातून गेलेला हात काचेत अडकतो, कारण कडं वाकतं आणि काच वाकत नाही. बायका घरी नेऊन सासूकडून, नणंदेकडून घालून घेत, अर्ध्या फोडत, आणि पुढच्या बाजारी तक्रार करत. झाडानं तिचा हात मधून काढला होता खरा, पण तो हात लागायचाच. हे तिनं मला कुंपणाशी अगदी शांतपणे सांगितलं. सामान बांधायला तिनं माझ्याकडून एक सुंभाची दोरीही मागून नेली होती.

संक्रांतीच्या आदल्या बाजाराला शालिक आला तो पिशवी घेऊनच. बाजार तुडुंब होता. संक्रांतीला नव्या बांगड्या लागतातच, आणि दर बाजारी टोपली घेऊन बसणारी कासारीण त्या दिवशी आजारी होती की काय, आलीच नव्हती. त्यामुळे पंचफुलाबाईच्या झाडाभोवती कधी नव्हे ती गर्दी. त्या गर्दीत सरदारीणबाई होती. तिचा नवरा खाणीत मायनिंग सरदार, पाळीवरच्या मजुरांवरचा माणूस, म्हणून तिला सगळे तसं म्हणत. कॉलनीतलं हळदीकुंकू तिच्याशिवाय होत नसे. कुणाला बोलवायचं आणि कुणाला नाही, हे तीच ठरवायची. तिनं झाडावरच्या बारीक सोनेरी रेघांच्या हिरव्या बांगड्या पाहिल्या आणि तिला त्या हव्या झाल्या. हात जाड, पण तिनं आपल्या मनानं एक माप कमीच धरलं. कड्यातून हात रेटून काढला. मग एकदम चार बांगड्या घेऊन स्वतःच चढवायला लागली.

अंगठ्याच्या उंचवट्यावर त्या अडकल्या. वर जाईनात, खाली येईनात. हात लाल झाला, सुजायला लागला. संक्रांतीच्या तोंडावर हातातली काच फुटणं म्हणजे काय, ते तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. कुणी म्हणे तेल लावा, कुणी म्हणे साबण. दोघींनी हात लावून पाहिला आणि भिऊन सोडला. सरदारीणबाईच्या डोळ्यांत पाणी होतं.

पंचफुलाबाई पोत्यावरून उठली होती, पण दोन हातांवर थांबली. मी तिच्या बाजूला होते. तिची बोटं पदराखाली हलत होती, हवेतच कुणाचा तरी हात दाबल्यासारखी. ती पुढे झाली नाही. कुणी बोलावल्याशिवाय ती होणारही नव्हती.

सरदारीणबाईनं तिच्याकडे पाहिलं.

"पाहून काय राह्यली?" ती म्हणाली. "भर."

"सगळ्यायसमोर?"

"भर म्हनलं ना."

पंचफुलाबाई खाली बसली आणि तिनं तो जाड लाल हात आपल्या मांडीवर घेतला. लगेच काही केलं नाही. नुसता धरून ठेवला, ओल्या फडक्यानं थंड केला, बोटं एकेक करून सैल केली. "सोड," म्हणाली. "हात माह्याजवळ सोड. तू धरून राह्यली तर मी काय करू?" सरदारीणबाईनं डोळे मिटले. मग पंचफुलाबाईनं अंगठा आत वळवला, तळवा चेपून अरुंद केला, आणि पहिली बांगडी सुटली. मग दुसरी. मग तिसरी, चौथी. चारही मनगटात उतरल्या आणि एकमेकींवर वाजल्या. पंचफुलाबाईनं दुसरा हात मागितला.

नमस्कार सरदारीणबाईनं केला नाही. थाळीत पैसे टाकून ती उठली आणि गर्दीतून निघून गेली. पुढे हळदीकुंकवाला तिनं सगळ्यांना सांगितलं की बांगड्या माझ्या मी चढवल्या. ऐकणाऱ्या बऱ्याच जणी तेव्हा बाजारात होत्या. त्यांनी माना डोलावल्या. पण त्या दिवशी, तिची पाठ वळल्यावर, खेड्यातली एक तरुण बाई पोत्यासमोर येऊन बसली आणि तिनं हात पुढे केला. तिच्या मागे अजून एक. सगळ्या नाही. काही जणी दुरून पाहून गेल्या, माझ्या सासूबाई त्यांतल्याच.

बाजार उठला तेव्हा शालिक पिशवी तशीच धरून उभा होता. बहिणीनं विचारलं, गाडी कितीची आहे. त्यानं पिशवी काखेत मारली. चाक आसातून काढलं, आपल्या खांद्यात अडकवलं आणि झोपडीच्या वाटेला लागला. ती मागून डबा घेऊन. सकाळच्या गाडीनं तो एकटाच गेला. दोरी तिनं मला परत आणून दिली.

आम्ही माजरीत नंतर बरीच वर्षं होतो. तेवढ्या काळात झाडाला खुंट्या वाढल्या, चाकाच्या तारा दोनदा बदलल्या. प्लास्टिकच्या बांगड्या आल्या, त्या आपल्या आपल्याला चढतात, तरी बायका तिच्याकडे काचेच्याच मागायच्या. सासूबाई गेल्यावर मी माझा हात पुढे केला, तेव्हा तिनं नाही म्हटलं नाही. "आता तुले दया येत नाई ना?" विचारलं आणि भरल्या.

यांची बदली बल्लारपूरकडे झाली. सामानाचा ट्रक निघाला तो नेमका बाजाराचा दिवस होता. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते. कडुनिंबाजवळ गर्दीमुळे ट्रक अडला. वर सायकलचं चाक कुणा पोरीनं जोरात फिरवून सोडलं होतं. खाली पंचफुलाबाई मान घालून बसलेली. तिच्या मांडीवर कुणाचा तरी हात होता, आणि पाच-सहा बायका मागे ताटकळत उभ्या. मी हाक मारली. माझा आवाज मोठा नाही, पण तिला ऐकू गेला. तिनं मान वर केली, मला पाहिलं, ट्रक पाहिला. हसली. हात हलवला नाही. एका हातात बाईची बोटं होती आणि दुसऱ्या हातात काच, अर्ध्यावर आलेली. ती तशीच सोडता येत नाही. तिनं मान खाली घातली आणि ट्रक पुढे निघाला.